नऊ माणसं, दोन बाथरूम आणि दहावीचं वर्ष

वाचकाचं पत्र, थोडक्यात: ठाण्यात घोडबंदर रोडला टू बीएचके फ्लॅट. घरात नवरा-बायको, दहावीतला मुलगा आणि सासूबाई. पत्र लिहिणाऱ्या बाईंची नोकरी घरूनच चालते. सासऱ्यांनंतर अमरावतीचं घर विकलं, तेव्हापासून सासूबाई ठाण्यात आहेत. या नाताळच्या सुट्टीत नागपूरहून मोठी नणंद, तिचे यजमान, अकरावीतली मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि नणंदेच्या ७४ वर्षांच्या सासूबाई असे पाच जण आठवडाभर राहायला येणार आहेत. या फ्लॅटमध्ये ते पहिल्यांदाच राहणार. मुलाची पूर्वपरीक्षा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आहे. हॉलला रंग काढायचा म्हणून रंगाऱ्याला अ‍ॅडव्हान्स दिलाय, सोफा-कम-बेड बघून ठेवलाय, पडदे, डिनर सेट, चादरी अशी यादी वाढतेच आहे. यजमान म्हणतात, "तू बघ, तुला त्यातलं कळतं." सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये पाहुण्यांची खोली मिळते, पण तिचं नाव काढताच सासूबाई म्हणाल्या, "माझी लेक माहेरी येणार आणि तिला भाड्याच्या खोलीत उतरवायचं?" वाचक विचारतात, हातात जेमतेम तीन आठवडे आहेत, घर कसं तयार करू? आणि मुलाच्या अभ्यासाचं काय?

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या यादीत पडद्यांचा रंग आहे, डिनर सेटमधल्या ताटांची संख्या आहे, सोफा-कम-बेडची किंमतसुद्धा आहे. नऊ जणांनी झोपायचं कुठे, हे मात्र कुठेच नाही. सकाळच्या आंघोळींचं गणित नाही. तुम्ही स्वतः कुठे अंग टाकणार, तेही नाही. ही यादी घर बघायला येणाऱ्यांसाठी केलेली आहे, आणि तुमच्याकडे तर माणसं राहायला येताहेत.

रागावणार नसाल तर एक विचारते. नणंद तुमचं घर तपासायला येतेय, हे तुम्हाला कोणी सांगितलं? एवढ्या मोठ्या पत्रात तिचं स्वतःचं असं एकही वाक्य नाही. "त्यांचं नागपूरचं घर ऐसपैस आहे", "त्यांना हे असं चालणार नाही", "त्या मनात ठेवतील", हे सगळं तिच्या वतीने तुम्हीच बोललायत. कदाचित तुमचा अंदाज बरोबरही असेल, काही नणंदा खरोखरच खिडकीच्या गजांवरून बोट फिरवून बघतात. पण तुमच्या नणंदेबद्दल मला पत्रातून एवढंच कळतं, की तिचं माहेरचं घर विकलं गेलं आणि तिची आई आता अशा फ्लॅटमध्ये राहते जिथे तिने एक रात्रही काढलेली नाही. अशी लेक दारातून आत आल्यावर आधी आईचा पलंग कुठे आहे ते बघेल. आईच्या औषधांचा डबा, तिच्या खिडकीतून येणारं ऊन, जुन्या घरातला देव्हारा इथे आलाय का, हे बघेल. हॉलची भिंत बदामी आहे की मोतिया, हे तिच्या लक्षातही येणार नाही.

अडचण अशी, की तिचं जे माहेर ते तुमचं घर आहे. ईएमआय तुम्ही भरता, आणि "आईकडे चाललेय" असं ती म्हणते. दोघींचंही खरंच आहे. नणंद-भावजयीचे बरेचसे रुसवे यातूनच येतात, कारण एकीला वाटतं मला पाहुणी केलं आणि दुसरीला वाटतं माझ्या स्वयंपाकघरात हिने डबे हलवले. यावर रंगरंगोटीचा काही उपाय नाही. आल्या दिवशी तिला चहा-साखरेचे डबे दाखवून "ताई, सकाळी लवकर उठलात तर माझी वाट बघू नका" म्हणून टाकलंत, तर बराचसा प्रश्न तिथेच मिटेल. आईला तिच्या हातचं काही करून घालायचं असेल तर घालू दे. तुम्हाला तेवढाच एका जेवणाचा आराम.

आता रंगाचं. नको, म्हणजे अगदी नकोच. पुट्टी घासली की उडणारी पांढरी भुकटी आठवडाभर पुस्तकांवर, भांड्यांवर, गाद्यांवर बसत राहते. परीक्षा तोंडावर आलेला मुलगा आणि दोन म्हाताऱ्या बायका ज्या घरात असणार, त्याच घरात नव्या रंगाचा वास कोंडून कशाला घ्यायचा? अ‍ॅडव्हान्स बुडत नाही. रंगाऱ्याला बोर्डाचा शेवटचा पेपर झाल्यावरची तारीख द्या. सोफा-कम-बेडही राहू दे. वर्षातून दोनदा उघडायचा, त्यात मधला लोखंडी दांडा नेमका कमरेत टोचणार, आणि उरलेले साडेतीनशे दिवस साध्या सोफ्यापेक्षा जास्त जागा अडवणार. गाद्या कमी पडत असतील तर बिछायत केंद्रातून किंवा मंडपवाल्याकडून भाड्याने आणा, वर घरची धुतलेली चादर घाला. नाताळ-थर्टीफर्स्टला मागणी असते, म्हणून आत्ताच सांगून ठेवा.

त्या पैशांतला थोडा भाग प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनवर घालवा. बाथरूमची कडी नीट लागते का? घरच्यांना "जरा वर उचलून सरकव" हे माहीत असतं, पाहुण्याला नसतं. फ्लश एका दाबात चालतो का? गिझरचा दिवा लागतो, पण पाणी खरंच तापतं का?

गिझरवरून आंघोळीचं गणित करून टाकू, कारण माझ्या मते तुमच्या आठवड्याचं बरंवाईट तिथेच ठरणार आहे. बाथरूममध्ये साधारणपणे १५ लिटरचा, दोन किलोवॉटचा गिझर असतो. त्यातलं पाणी कडकडीत तापायला वीसेक मिनिटं लागतात आणि विसण घालून त्याच्या दोन बादल्या होतात. म्हणजे दर वीस मिनिटांना दोन आंघोळी. एकाच गिझरवर नऊ जण असतील तर शेवटच्याची आंघोळ उरकायला पावणेदोन तास जातील. दोन्ही बाथरूममध्ये गिझर असेल तर वेळ निम्मा. सोसायटीचं पाणी ठरावीक वेळेलाच येत असेल तर हे गणित आणखी बिघडतं, तेव्हा एक पिंप आणि दोन बादल्या जास्तीच्या भरून ठेवा. आणि सगळ्यांनी सकाळीच आंघोळ केली पाहिजे असं कुठे लिहून ठेवलंय? मुलं संध्याकाळी फिरून आल्यावर करतील. जावई अकराला करतील. सकाळचा पहिला नंबर दोन्ही आज्यांचा, दुसरा तुमच्या मुलाचा. हा क्रम फ्रिजवर चिकटवू नका, नुसता बोलून ठेवा. फ्रिजवर वायफायचा पासवर्ड तेवढा लावा, तो पाच माणसं पाच वेळा विचारतात.

७४ वर्षांच्या विहीणबाईंसाठी वेगळी तयारी लागेल, आणि ती फार खर्चाची नाही. कमोड असलेल्या बाथरूमला लागून जी खोली आहे, ती त्यांची. बाथरूममध्ये रबरी मॅट आणि आंघोळीला बसायला चार पायांचं भक्कम प्लॅस्टिकचं स्टूल ठेवा, डगमगणारं नको. पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर रात्रभर जळेल असा छोटा दिवा लावा आणि त्या वाटेवरचं पायपुसणं उचला, पाय अडकतो. त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. म्हणजे जमिनीवरची गादी त्यांना चालणारच नाही, त्या तोंडाने कितीही "चालेल हो" म्हणाल्या तरी. तुमच्या सासूबाई हमखास आपला पलंग विहिणीला देऊन खाली झोपायला निघतील, विहिणीचा मान म्हणून. तेही होऊ देऊ नका. दोघींना दोन पलंग. आणि शक्यतो दोन खोल्या, कारण एकीला पहाटे पाचला मोबाइलवर हरिपाठ लागतो आणि दुसरीला तेव्हाच कुठे गाढ झोप लागलेली असते, असं बहुतेक घरांत असतं.

आता क्लबहाऊसच्या खोलीकडे येते. सासूबाईंचं म्हणणं मला पटतं. लेकीला तिथे उतरवू नका. तिथे तुम्ही जा. तुम्ही, तुमचे यजमान आणि मुलगा. वाचून दचकला असाल, पण बघा. मास्टर बेडरूममध्ये विहीणबाई आणि त्यांची नात. दुसऱ्या खोलीत सासूबाई आणि त्यांची लेक, रात्री बारापर्यंत बोलत बसल्या तरी हरकत घ्यायला कोणी नाही. हॉलमध्ये जावई आणि धाकटा. आणि जेवणं आवरल्यावर तुम्ही तिघं खाली उतरून पलीकडच्या इमारतीत आपल्या खोलीत. मुलाला रात्री आणि पहाटे दोन्ही वेळा शांतता. दिवसा तो तिथेच अभ्यास करेल, जेवायला घरी येईल. तुमच्या ऑफिसच्या मीटिंगाही तिथून होतील. सुट्टी पाहुण्यांना आहे, तुम्हाला कुठे आहे? लेकीला भाड्याच्या खोलीत पाठवलं असं कोणी म्हणणार नाही, कारण लेक आईच्या घरात आहे. "सून घर सोडून गेली" असं मात्र सासूबाई म्हणू शकतात. म्हणून ही कल्पना त्यांना तुमच्या यजमानांनी सांगायची, आणि सांगताना सुरुवात नातवाच्या परीक्षेपासून करायची. त्या परीक्षेपुढे ठाण्यातली कोणतीही आजी नमतं घेते.

खोली मिळते का ते आजच सोसायटीच्या ऑफिसात विचारा. ३१ डिसेंबरच्या आसपास ती आधीच गेलेली असते. नाहीच मिळाली तर सुट्टीत गावाला जाणारे शेजारी बघा, ज्यांच्या कुंड्यांना तुम्ही पाणी घालता. त्यांच्याकडे चारपाच रात्री झोपण्यापुरती किल्ली मागायला संकोच वाटेल, पण माझा अनुभव असा की लोक ती सहसा देतात. तेही नसेल तर निदान मुलाच्या दिवसाची सोय जवळच्या अभ्यासिकेत करा.

आणि हो, तुमचे यजमान. "तू बघ, तुला त्यातलं कळतं" हे कौतुक नव्हे हो, जबाबदारी अंगावरून झटकणं आहे. बहीण त्यांची, भाचरं त्यांची. पहिला फोन त्यांनी करायचा, या रविवारी, आणि तुम्ही शेजारी बसायचं. फोनवर काय बोलायचं तेही सांगते, कारण भाऊ-बहिणीचे फोन "काय मग, कसं काय" वर सुरू होऊन तिथेच संपतात. "ताई, तुम्ही येताय म्हणून आई रोज दिवस मोजतेय. पोराची पूर्वपरीक्षा आहे, त्यामुळे आम्ही तिघं रात्री क्लबहाऊसच्या खोलीत झोपू, घर तुमचं. तुम्ही कोणत्या तारखेला निघताय परत? गाडीने येताय की रेल्वेने? तुमच्या सासूबाईंना पथ्य काय आहे?" बस. यात नाही म्हणणं कुठेच नाही, आणि तुम्हाला जे विचारायचा धीर होत नव्हता ते सगळं विचारून झालं. आठवडा म्हणजे नक्की किती रात्री, हेही कळेल. कदाचित त्यांचा मधे दोन दिवस अलिबागला जायचा बेत असेल आणि तुम्ही इकडे सात दिवसांची भाजी मोजत बसला असाल.

गाडी की रेल्वे हा प्रश्न फालतू वाटेल, पण त्यावर बरंच ठरतं. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटर. त्यामुळे नागपूरकर हल्ली सरळ गाडी काढतात. सकाळी निघाले तर संध्याकाळी आमण्याला पोचतील आणि पुढे भिवंडी-माजिवडा-घोडबंदरच्या गर्दीत अडकतील. नेमके तेव्हाच तुम्ही गरम फुलके लाटायला घेऊ नका, खिचडी-कढी करून ठेवा. व्हिजिटर पार्किंगचं सेक्रेटरींशी आधी बोलून घ्या. ते राहिलं तर रात्री दहाला वॉचमन आणि जावई यांच्यात जे होतं, ते आठवडाभर निस्तरावं लागतं. विदर्भ एक्सप्रेसने आले तर भल्या सकाळी ठाण्याला उतरतील, रात्रभराच्या प्रवासाने आंबलेले. त्या दिवशी दोन्ही गिझर त्यांचे, तुमच्या आंघोळी आदल्या रात्री. स्टेशनवर घ्यायला तुमचे यजमान जातील. तुम्ही नाही.

पांघरुणांचं फार मनाला लावून घेऊ नका. नागपूरचा पारा डिसेंबरात दहाच्या खाली जातो. आपल्याकडे रात्री सोळा-सतराला आला की आपण स्वेटर काढतो आणि ते पंखा वाढवायला सांगतात. रजया कशाला, सोलापुरी चादरी पुष्कळ झाल्या. पंखा मात्र प्रत्येक झोपायच्या जागेवर पोचतो का ते बघा. आणि डास! घोडबंदरला थंडीत डास कसे असतात ते तुम्हाला सांगायला नको. खिडक्यांच्या जाळ्यांची फाटकी टोकं आत्ताच शिवून घ्या, हॉलमध्ये जमिनीवर झोपणाऱ्यांना मच्छरदाणी द्या. माळ्यावरच्या गाद्या-रजया एखाद्या सुट्टीच्या दिवशी गच्चीवर दुपारभर उन्हात टाका आणि संध्याकाळी झटकून घ्या. डांबरगोळ्यांचा वास एका उन्हात जात नाही, म्हणून हे काम आदल्या दिवसावर ठेवू नका.

एक प्रयोग मात्र जरूर करा. या शनिवारी रात्री तुम्ही दोघं हॉलमध्ये, जमिनीवर, पाहुण्यांच्या गादीवर झोपा. फ्रिजचा कॉम्प्रेसर दर थोड्या वेळाने घरघरतो, ते दिवसा कधी ऐकू येतं? राउटरचा हिरवा दिवा बरोब्बर डोळ्यांवर येतो. पार्किंगमधला हॅलोजन पडद्याच्या फटीतून थेट उशीवर पडतो. मोबाइल चार्ज करायला टीव्हीमागे हात घालावा लागतो. पहाटे सासूबाई पाणी प्यायला उठतात आणि ट्यूबलाइट लावतात. सकाळी उठाल तेव्हा खरेदीची यादी आपोआप बदललेली असेल. एक एक्स्टेंशन बोर्ड, पडद्याला दोन चिमटे आणि स्वयंपाकघरात झीरोचा दिवा, एवढ्यावर हॉलची बेडरूम होते.

जेवणाचं तुम्हाला जमेल, त्यावर मी फार बोलत नाही. फक्त पोळ्या बाहेरून सांगा. नऊ माणसांच्या दोन वेळच्या पोळ्या म्हणजे पन्नाशी-साठी, आणि ठाण्यात पोळी-भाजी केंद्रांची काही कमी नाही. एक सकाळ मामलेदार मिसळीची, नागपूरकरांना तिखटाचं कौतुक सांगू नका, निमूट खाऊ द्या. सकाळी एक फेरी जांभळी नाक्याची, तुरीच्या शेंगा आणि मटार सगळ्यांनी मिळून सोलत बसायला. शेंगा सोलताना जेवढ्या गप्पा होतात तेवढ्या सोफ्यावर बसून होत नाहीत. दोन्ही आज्यांना रिक्षाने कौपिनेश्वराला न्या, येताना तलावपाळीवर बाकावर बसवा. मुलांना ऐरोलीहून खाडीत बोटीने फ्लेमिंगो दाखवता येतील. भरतीच्या वेळा बघून बोटी सुटतात, म्हणून आधी बुकिंग करा. डिसेंबरात पक्षी अजून येत असतात, तेव्हा हजारोंच्या थव्याचं आश्वासन देऊन ठेवू नका. लोकलने मुंबई दाखवायची असेल तर अकरानंतर निघा आणि रविवार टाळा, मेगाब्लॉक असतो. ३१ च्या संध्याकाळी उपवन आणि येऊरकडे फिरकू नका. त्या दिवशी घरीच पत्ते.

यातल्या एकदोन फेऱ्यांना तुम्ही जाऊ नका. "मला काम आहे" म्हणून घरी थांबा, काम असो वा नसो. घरात दोन तास एकटं मिळालं नाही तर चौथ्या दिवशी तुम्ही कुणावर तरी चिडणार, आणि बहुधा ते तुमच्या मुलावर निघेल.

नेरूळ, ऐरोली, कळव्यातून ज्यांच्या अशाच चिठ्ठ्या आल्यात आणि ज्यांचं घर वन बीएचके आहे, त्यांना एवढंच सांगते. जागा किती आहे ते फोनवर मोकळेपणाने सांगा. "चार जणांना हॉलमध्ये झोपावं लागेल, बाथरूम एकच आहे, तीन रात्री मजेत जातील" असं म्हटल्याने कोणी दुखावलं जात नाही. आल्यावर कळलं तर दुखावतात. जवळ साधंसं लॉज असेल तर त्याचं नाव तुम्हीच सुचवा आणि जेवायला दोन्ही वेळा घरी बोलवा.

आणि जे स्वतःच पाहुणे म्हणून निघालेत, त्यांना: येण्याची तारीख कळवाल त्याच मेसेजमध्ये जाण्याचीही कळवा. औषधं, चार्जर आणि टॉवेल घरून आणा. विशेषतः टॉवेल, कारण नऊ माणसांचे ओले टॉवेल वाळवायला यजमानांकडे एकच बाल्कनी असते आणि तिच्यात वॉशिंग मशीन असतं.